मागचा शॉकअप

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात वाजता, शाहूपुरीतल्या आमच्या कुंभार गल्लीत, माझी कोरी करकरीत मोटारसायकल पहिला गिअर टाकला की बंद पडत होती. सेल्फ मारला की गुरगुरायची, गिअर टाकला की गप्प. पुन्हा सेल्फ, पुन्हा गुरगुर, पुन्हा गप्प. असं सात-आठ वेळा झालं.

कोल्हापुरात बंद पडलेली गाडी ही सार्वजनिक मालमत्ता असते. ती कुणाची आहे, हे विचारायची पद्धत नाही. पाच मिनिटांत गल्ली जमली.

"मास्तर, प्लग काढून बघा."

"नव्या गाडीचा प्लग काढतोस व्हय? चोक द्या, चोक."

"चोक नसतोय आता. इंजेक्शन असतंय."

"कुणाला?" समोरचे आप्पा दुधाचा पेला घेऊन बाहेर आले होते, त्यांनी काळजीनं विचारलं.

एकानं टाकीला कान लावून गाडी गदागदा हलवली आणि पेट्रोल असल्याचं जाहीर केलं. दुसरा म्हणाला, एकदा आडवी करा, म्हणजे सुरळीत होती. त्याच्या तरुणपणी स्कूटर आडवी केली की चालू व्हायची, आणि त्यानंतर यंत्रशास्त्रात झालेली प्रगती त्याला कुणी कळवलेली नव्हती. दोघांनी मागचं कॅरिअर धरून गाडी कलती केलीसुद्धा, माझ्यासकट. तेवढ्यात दप्तर पाठीला लावून रिक्षाची वाट बघत उभी असलेली दुसरीतली पोरगी म्हणाली, "आजोबा, स्टँड."

साइड स्टँड खाली होता. हल्लीच्या गाड्या स्टँड खाली असताना गिअर टाकला की आपणहून बंद होतात. गल्लीनं एकमेकांकडं बघितलं. गाडी चांगली आहे, मास्तर जुना आहे, यावर एकमत झालं आणि सभा संपली.

तर मी जुना आहे. हायस्कूलमध्ये तीस-बत्तीस वर्षं भूमिती शिकवली आणि तेहतीस वर्षं एकच गाडी चालवली. 1986 सालची येझदी रोडकिंग. म्हैसूरच्या कारखान्यात जन्मलेली. म्हैसूर आणि कोल्हापूर ही दोन्ही दसऱ्याची गावं, त्यामुळं सोयरीक जमली होती. तिची किक आणि गिअरची दांडी एकच. डाव्या पायानं दांडी आत ढकलायची, वर उभी करायची, की ती किक. हाणायची, गाडी पेटली की दांडी परत खाली, की झाला गिअर. तेहतीस वर्षं हे केल्यावर पायाला वेगळं काही सांगता येत नाही. नव्या गाडीला बटण आहे हे डोक्याला कळतं, पण पाय अजून दर सकाळी गिअरची दांडी आत ढकलायला जातो. शोरूममधला पोरगा हे बघून म्हणाला होता, "काका, काय हुडकताय?"

त्या येझदीवर मी क्वचितच एकटा असायचो. मागं आई असायची. दर रविवारी जोतिबा, मंगळवारी आणि शुक्रवारी अंबाबाई, आणि मधल्या वारी कुणाचं बारसं, कुणाचं दहावं, कुणाच्या सुनेचं भांडण. ती एका बाजूला पाय सोडून, पदर खोचून, मांडीवर पिशवी घेऊन बसायची. निघण्यापूर्वी मी विचारायचो, "बसलीस?" ती म्हणायची, "बसलो." (कोल्हापुरात आया-बहिणी बसलो, आलो, निघालो असंच म्हणतात. पुण्याकडच्या वाचकांनी पेन्सिल खाली ठेवावी.) आणि मग पुढं, "उडवू नगंस."

पण उडवायचो. हे गाव आणि स्पीडब्रेकर यांचं नातं फार जुनं आहे. जिथं दोन घरं तिथं एक स्पीडब्रेकर. प्रत्येक स्पीडब्रेकरला आई वीतभर वर जायची, परत सीटवर यायची आणि माझ्या पाठीत बुक्की बसायची. "हळू की रं, मुडद्या!" माझ्या दोन खांद्यांच्या मधोमध एक जागा आहे, तिथं आजही ऊन लागत नाही असं मला वाटतं.

महाद्वार रोडवरून आम्ही जायचो ते वीसच्या वेगानं, कारण आईला लोकांशी बोलायचं असायचं. गाडी चालती, आई बोलती. "काय गं, सून आली का माघारी?" असं ती एका दुकानापाशी विचारायची आणि उत्तर पुढच्या चौथ्या दुकानापर्यंत मागून पळत यायचं. भाजीवाल्यापाशी थांबायचं, पण उतरायचं नाही. घासाघीस गाडीवरूनच, इंजिन चालू ठेवून. तिचं म्हणणं असं की, इंजिन चालू असलं की भाजीवाल्याला वाटतं आता ही जाणार, मग तो भाव उतरवतो. त्या धोरणापायी किती पेट्रोल जळलं याचा हिशेब मी गणिताचा मास्तर असूनही कधी केला नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला. पंचगंगा आम्ही फुटांत मोजतो. राजाराम बंधाऱ्याला 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका, हे आमच्याकडं बाराखडीच्या आधी शिकवतात. पावसाळ्यात कोल्हापूरकर दुसऱ्या कोल्हापूरकराला "कसं काय?" असं विचारत नाही, "किती फूट?" असं विचारतो. त्या वर्षी उत्तर पंचावन्नच्या पुढं गेलं. गणपती महिन्यावर आलेले, त्यामुळं कुंभार गल्लीत वरच्या मजल्यांवर आधी मूर्ती गेल्या, मग माणसं. गाडीला जागा उरली नाही. मी तिला जिन्याच्या कठड्याला कपडे वाळत घालायच्या दोरीनं बांधली, वाहून जाऊ नये म्हणून. ती वाहून गेली नाही. पाणी तेवढं गेलं, गाळ राहिला.

उद्यमनगरातल्या आमच्या मेस्त्रीनं इंजिन खोललं आणि आत बोट घालून म्हणाला, "मास्तर, रोप लावायचं काय? भात चांगला येईल." म्हैसूरचा कारखाना 1996 मध्येच बंद पडलेला. सुटे भाग मिळायचे ते कुणाच्या तरी अडगळीतून. मेस्त्री म्हणायचा, पुढच्या आठवड्यात. आई दर रविवारी विचारायची, "गाडी कवा येणार?" मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात. असे तीन वर्षांचे पुढचे आठवडे झाले. 2022 च्या श्रावणात आई गेली, आणि मी उद्यमनगरला जाणं सोडलं.

त्यानंतर मी बायकोच्या स्कूटरवर मागं बसू लागलो.

हा काळ माझ्या आयुष्यातला सर्वांत समाजोपयोगी काळ होय. चालवायचं नसल्यामुळं दोन्ही हात मोकळे, आणि बघतो तर काय, समोरून येणारी प्रत्येक दुचाकी भर दुपारी दिवा लावून येतेय! मी पाची बोटं उघडमीट करून खूण करू लागलो. आपल्याकडची ही सर्वमान्य भाषा आहे : दिवा चालू हाय, बंद करा. एका रविवारी राजारामपुरी ते रंकाळा एवढ्या अंतरात मी साठ-सत्तर लोकांना सावध केलं. काहींनी मान हलवली, काहींनी परत हात केला, एका कॉलेजच्या पोरीनं हसून टाटा केला. लोक किती विसरभोळे झालेत, असं मी बायकोच्या पाठीला सांगत असे. पाठ काही बोलत नसे.

नव्या गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक वाचलं तेव्हा कळलं, की एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआपच लागतो. बंद करायचं बटणच नसतं. म्हणजे तीन वर्षं मी सगळ्या शहराला टाटा करत हिंडलो. बायकोला विचारलं, तुला ठाऊक होतं? ती म्हणाली, "व्हय की. पण तुमचं मन रमत हुतं."

गाडी घ्यायचं खूळ मुलाचं. तो पुण्यात असतो आणि तिथून आमच्या दुःखावर उपाय शोधतो. आधी त्यानं मला मनगटावर बांधायचं घड्याळ पाठवलं, ते मी किती पावलं चाललो ते सांगायचं. मग योगासनांचं काहीतरी. 2025 च्या सप्टेंबरात फोन आला, "बाबा, 22 तारखेपासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय." मी म्हटलं, मग? तो म्हणाला, "मग काय! इतकी वर्षं बसून आहात, दहा टक्के वाचतील." दुःखातून बाहेर यायला दहा टक्के सूट, हे त्याच्या पिढीचं तत्त्वज्ञान मला पटलं असं नाही. पण माझ्या पिढीला सूट सोडवत नाही.

परवाना मात्र केव्हाच संपला होता, आणि मुदत संपून वर्ष उलटलं की पुन्हा परीक्षा द्यावी लागते. सगळी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, त्यात मी. दुचाकी आठच्या आकड्यात फिरवायची, पाय टेकायचा नाही. दोन वर्तुळं, एका बिंदूत स्पर्श करणारी! ही आकृती मी फळ्यावर तीस वर्षं काढली आहे, तिच्यावर पोरांना छड्या दिल्या आहेत. पहिल्या वर्तुळाला पाय टेकला. दुसऱ्या वर्तुळाचा लंबगोल झाला. स्पर्शबिंदूपाशी एक कुत्रं झोपलं होतं, ते उठून गेलं. मागची मुलगी हळूच म्हणाली, "काका, चाकाकडं बघू नका, जायचंय तिकडं बघा." पुढच्या खेपेला तसं केलं आणि जमलं. जायचंय कुठं हे माहीत नव्हतं, पण साधारण झाडाकडं बघितलं.

गाडी दसऱ्याला आणली. शोरूममध्ये लग्नमंडपाइतकी गर्दी. हजेरी घेतल्यासारखी नावं पुकारत होते. माझं नाव आल्यावर मला शाल घातली, हातात पुठ्ठ्याची चार फुटी किल्ली दिली आणि फोटो काढला. त्या फोटोत मी एखाद्या तालमीला गदा मिळवून दिल्यासारखा दिसतो. मग एक पोरगा पाना घेऊन आला. "काका, साडी गार्ड काढू का? बरीच जणं काढत्यात. लूक येतोय." मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला ती जाळी असते, पदर अडकू नये म्हणून. मी म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, "काकी बसत्यात व्हय?" मी हो म्हटलं. काकी शेजारीच उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "मी न्हाई बसणार. माझी गाडी हाय."

संध्याकाळी दसरा चौकात सोनं लुटायला गेलो. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दिमाखात आली. दरवर्षी दसऱ्याला ती बाहेर पडते आणि दरवर्षी लोक पहिल्यांदा बघितल्यासारखे टाचा उंच करतात. बायकोनं माझ्या कानात सांगितलं, "बघून घ्या. तुमचीबी अशीच व्हणार. वर्षातनं एकदा."

त्या टोमण्यामुळं मी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बाहेर पडायचं ठरवलं. पुढं काय झालं ते वर आलंच आहे.

गल्लीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आई गेली तेव्हा याच गल्लीनं दहा दिवस आमच्या घरी चूल पेटू दिली नाही. पिठलं-भाकरी, आमटी-भात, डबे येत राहिले, कुणाचा कुठला ते आम्हाला अजून कळलेलं नाही, दोन झाकणं फिरतीच आहेत. तेच लोक गाडी आल्यावर म्हणाले, "मास्तर, जेवण कवा?" जेवण म्हणजे मटण. तांबडा, पांढरा, सुकं. मी म्हटलं, गाडी घेतलीय, निवडून आलेलो नाही. पण कोल्हापुरात यात फरक करत नाहीत. सव्वीस माणसं जेवली. सरकारनं कर दहा टक्क्यांनी कमी केला होता, तो गल्लीनं वसूल केला. आप्पा पांढऱ्या रश्श्याची चौथी वाटी पिऊन म्हणाले, "म्हातारी असती तर तिलाबी बरं वाटलं असतं." आई माळकरी होती. रश्श्याचा वास आला तरी जिन्यात जाऊन बसायची. पण आप्पांना पाचवी वाटी हवी होती, मी वाद घातला नाही.

पेट्रोल पंपावरही एक झालं. टाकी उघडली आणि सवयीनं म्हणालो, "ऑइल टाका." येझदी टू-स्ट्रोक, तिच्या पेट्रोलातच ऑइल मापून घालावं लागायचं. पंपावरचा पोरगा विशीतला. त्यानं आधी माझ्याकडं, मग टाकीकडं बघितलं आणि मॅनेजरला हाक मारली. मॅनेजर माझ्या वयाचे. ते बाहेर आले, पोराला म्हणाले, "तू जा." मग मला विचारलं, "राजदूत का येझदी?" पुढची वीस मिनिटं आम्ही टू-स्ट्रोकच्या धुरावर बोललो. मागं रांग लागली होती. हॉर्न वाजत होते.

हेल्मेटचं मला कौतुक आहे, पण ते कोल्हापूरसाठी बनवलेलं नाही. इथं माणूस घराबाहेर पडतो तो दहा जणांनी हाका माराव्यात म्हणून. हेल्मेट घातल्यावर मला कुणी ओळखेना. महाद्वार रोड मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो, एक हाक नाही. आधी वाटलं हेल्मेटमुळं. मग लक्षात आलं, त्या हाका मला नव्हत्याच. तेहतीस वर्षं मी नुसता चालक होतो. मिरवणूक मागं होती.

आणि हेल्मेटमध्ये आवाज घुमतो. पहिल्या रविवारी निघताना क्लच दाबला, गिअर टाकला, आणि तोंडातून निघालं, "बसलीस?" आतल्या आत ते मोठं झालं आणि दोन्ही कानांत परत आलं. बायको दारात उभी होती. तिला वाटलं तिलाच विचारलं. म्हणाली, "मी उभी हाय, दिसत न्हाई व्हय?"

जोतिबाला निघालो होतो. शिवाजी पूल ओलांडला, रत्नागिरी रस्ता धरला, केर्लीपाशी उजवीकडं वळून डोंगर चढलो. आईबरोबर ह्या अठराएक किलोमीटरना तीन तास लागायचे. पुलावर पंचगंगेत नाणं टाकायचं, वडणग्याच्या फाट्यावर भाजी बघायची (घ्यायची परतताना, जाताना नुसता भाव पाडून ठेवायचा), उसाची ट्रॉली दिसली की तिच्या मागं मागं जायचं आणि मला सांगायचं, "वड की एक." म्हणजे मी डाव्या हातानं ऊस ओढायचा, उजव्यानं गाडी धरायची आणि चोरीचं पाप देवदर्शनात वळतं करायचं. घाटात तिचा रामरक्षेचा जप सुरू व्हायचा. वळण जेवढं अवघड तेवढा आवाज मोठा.

या वेळी पस्तीस मिनिटांत पोचलो. नऊसुद्धा वाजले नव्हते. दर्शन झालं, कपाळाला गुलाल लागला, खोबऱ्याची वाटी हातात आली. गुलालानं नवी टाकी गुलाबी झाली. आणि मग काय करायचं ते सुचेना. एवढा वेळ वाचवून माणसं त्याचं काय करतात कुणास ठाऊक.

परतताना फाट्यावर थांबलो. भाजीवाली तीच. मी हेल्मेट काढलं. तिनं मला नाही, माझ्या मागच्या रिकाम्या सीटकडं बघितलं आणि ओळखलं. काही विचारलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "मेथीचं वीस रुपय ऱ्हायल्यात म्हातारीचं."

"कधीचे?"

"पुराच्या आधीचं."

सहा वर्षांपूर्वीचे. मी पन्नासची नोट दिली. तिनं तीस परत केले आणि मेथीची एक पेंडी पिशवीत टाकली. "ही कशाची?" विचारलं तर म्हणाली, "तवा दोन घेतल्यावत्या, त्यातली एक लहान दिलीवती म्या. लई भांडायची, म्हणून." एवढ्या वर्षांनी का होईना, आईची घासाघीस फळाला आली. इंजिन चालू ठेवल्याचा काही उपयोग होतो, हे सिद्ध झालं.

महिन्याभरात पाचशे किलोमीटर झाले आणि पहिलं सर्व्हिसिंग आलं. निळ्या डांगरीतल्या पोरानं ऑइल बदललं, चेन ताणली, ब्रेक बघितला. मग पाना घेऊन मागच्या चाकापाशी उकिडवा बसला.

"काका, मागचा शॉकअप कितीवर ठिवू? एकटंच फिरताय का डबल सीट?"

त्यानं समजावलं. एकटा माणूस असेल तर स्प्रिंग सैल ठेवायची, गाडी मऊ चालते. मागं कुणी बसत असेल तर घट्ट करायची. घट्ट करून एकटं फिरलं तर गाडी उडवते. "तुमच्या वयाला सैलच बरा," असंही तो म्हणाला. मणक्याचं काहीतरी सांगितलं.

मी म्हटलं, "डबल."

त्यानं पाना दोन खाचा फिरवला.

घरी आल्यावर बायकोनं सर्व्हिसिंगची पावती वाचली, कारण ती पावत्या वाचते. "डबल सीट? कोण बसतंय तुमच्या मागं?" मी म्हटलं, ठेवलंय आपलं, कधी भाजी असते, पिशवी असते. तिनं पावती घडी घालून डब्यात ठेवली.

आता गाडी उडवते. रंकाळ्याच्या कोपऱ्यावरचा स्पीडब्रेकर असा आहे की मी सीटपासून पुरता सुटतो, वीतभर वर जातो आणि खाली येतो तेव्हा दात वाजतात. परवा संध्याकाळी तसंच झालं. हेल्मेटची काच वर होती. वर गेलो, खाली आपटलो, आणि माझ्याच तोंडातून निघालं, "हळू की रं, मुडद्या!"

शेजारून चाललेल्या पोरानं गाडी हळू केली. माझ्याकडं वळून अदबीनं म्हणाला, "काका, मला म्हणालासा?"